छकीची गाडी आणि ब्रेकबाई

तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला वावगं काही वाटत नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूल तिच्या नवऱ्याचं. त्याची पाठ कामातून गेली तेव्हा तो ऑफिसातल्या खुर्चीत जाऊन बसला आणि शिकाऊ माणसांच्या शेजारची जागा हिच्याकडे आली. त्या सीटसमोर, पायाशी, तिचा स्वतःचा एक जादा ब्रेक होता. "माझ्या हातात काही नाही, जे आहे ते पायात," असं ती पहिल्याच दिवशी सांगायची आणि समोरचं माणूस हसलं की म्हणायची, "हसलात ना? आता श्वास घ्या आणि क्लच दाबा."

मीही तिच्याकडेच शिकलो, चाळिशी उलटल्यावर. गाडी थेट दुकानाच्या पायरीवर चढायला निघाली तरी तिचा आवाज चढत नसे. पाय तेवढा आधीच ब्रेकवर गेलेला असायचा. त्या पायाला सवयच जडली होती. बसमध्ये, रिकाम्या लिफ्टमध्ये, सिनेमात पडद्यावर गाड्या धावायला लागल्या तरी तिची टाच जमिनीत रुतायची. "हिच्याबरोबर सिनेमाला गेलं की पुढच्या सीटवाल्याचा मणका मोकळा होतो," असं तिचा नवरा म्हणायचा.

छकी ही तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि गाडी ती मावशीकडेच शिकली होती. परवाना मिळून वर्षही झालं नव्हतं, पण हात चांगला बसला होता. आरशात बघायची, अंतर ठेवायची, उगाच हॉर्न वाजवायची नाही. घरची जुनी, लहानशी गाडी ती अगदी भाजी चिरावी तितक्या सहज चालवायची. छकीचे वडील, म्हणजे ब्रेकबाईचे भाऊजी, प्लास्टिकचे डबे बनवायच्या कारखान्याचे मालक. माणूस मनाने मोठा, पण कुणी डिवचलं की संपलं. एकदा जेवणावळीत त्यांचे पुतणे हसत म्हणाले, "काका, पोरगी गाडी चालवेल हो, पण पार्किंगला माणूस ठेवा." पंधरवड्यात भाऊजींनी छकीसाठी गाडी आणली.

गर्द हिरवी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल अशी. चार सेकंदांत शंभरचा वेग. मागे दोन सीट होत्या, पण त्या माणसांसाठी आहेत यावर विश्वास ठेवावा लागे. गाडी सुरू केली की समोरच्या घरातली खिडकीची काच थरथरायची.

त्या संध्याकाळी ब्रेकबाई बहिणीकडे गेली होती. ताई ताटं वाढत होती. ब्रेकबाई जरा घाबरतच म्हणाली, "भाऊजी, गाडी देखणी आहे. पण इतक्यात कशाला? अजून वर्षभर तिला साधी गाडी चालवू द्या की."

"का? तिला येत नाही?"

"येते ना. छान येते. पण ही गाडी चूक करायला वेळच देत नाही. साध्या गाडीत आपण चुकतो, दचकतो, सावरतो. हिच्यात ते सगळं एकाच क्षणात होतं. आणि तरुण मुलांचे डोळे, हात चपळ असतात, माझ्यापेक्षा जास्त. पण त्यांनी अजून फारसं काही बिघडताना पाहिलेलं नसतं."

"तुला जग सगळं शिकाऊच दिसतं," भाऊजी हसले, पण हसण्यात धार होती. "मुलगा असता तर बोलली असतीस का असं?"

हे तिला लागलं. ती मुलग्यांनाही असंच सांगायची, दर आठवड्याला, पण ते आता सांगून काय उपयोग. ताईने मध्येच, "भात घे गं," म्हणून विषय झाकला. छकी खाली मान घालून बोटाने ताटाची कड पुसत होती. गाडी तिची, आणि तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. हे ब्रेकबाईच्या लक्षात आलं ते मात्र घरी गेल्यावर.

पुढच्या रविवारी दुपारी छकीचा फोन आला. "मावशी, बाबा म्हणतायत बाहेरच्या रस्त्यावर चक्कर मारू. तू ये ना."

"मी कशाला?"

"ये ना." आवाज एवढासा.

ब्रेकबाई पुढे, छकीच्या शेजारी बसली. भाऊजी मागे, गुडघे हनुवटीपाशी घेऊन, पण खुशीत. गावातून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं, म्हणजे मागून बघणाऱ्याला. शेजारून बघणाऱ्याला वेगळं दिसत होतं. छकीने स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. सिग्नलला गाडी थांबली की ती आतून गाल चावायची. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायची तो गरम तव्याला हात लावावा तसा, आणि तरी गाडी हिसका देऊन पुढे झेपावायची. शिकवायला बसलेल्या कुठल्याही गाडीत ब्रेकबाईने अशा वेळी म्हटलं असतं, बाजूला घे, पाणी पी. इथे मागे भाऊजी होते.

"अगं, दाब जरा! आपण काय वरातीत आहोत?"

"बाबा, गाड्या आहेत."

"कुठेत गाड्या? रस्ता मोकळा आहे. ते वेगाचं बटण स्पोर्टवर फिरव. पैसे कशाचे दिलेत?" आणि छकीने हात हलवायच्या आत त्यांनीच दोन सीटच्या मधून वाकून ते बटण फिरवलं. इंजिनाचा आवाज खाली उतरला, घोगरा झाला.

"भाऊजी, ते राहू द्या," ब्रेकबाई म्हणाली.

"तू पण ना."

तेवढ्यात मागून एक पांढरी गाडी आली. आत चार पोरं. त्यांनी हिरव्या गाडीच्या बरोबरीने गाडी आणली, काच खाली केली, छकीकडे बघून काहीतरी ओरडली आणि हसत पुढे गेली. भाऊजींच्या आवाजात त्या जेवणावळीतला सगळा राग आला. "सोडू नकोस त्यांना! दाब!"

आणि छकीने दाबलं. ब्रेकबाईचं डोकं मागे आपटलं. मधल्या झाडांच्या ओळी एकमेकींत मिसळून गेल्या. पांढरी गाडी अशी मागे पडली जणू ती उभीच होती. पुढे पुलावर चढणारा वळणाचा रस्ता होता, आणि त्या वळणावर दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणारा टँकर नुकताच येऊन गेला असावा. अर्धा रस्ता ओला चकाकत होता. छकीने ते पाहिलं, उशिरा पाहिलं, आणि वळणाच्या ऐन मध्यावर घाबरून पाय उचलला नि ब्रेकवर आपटला.

ब्रेकबाईचा पायही त्याच क्षणी खाली गेला, सगळ्या ताकदीनिशी. तिथे फक्त पायपुसणं होतं.

गाडीचा मागचा भाग सुटला. समोर रस्ता होता तिथे अचानक कठडा आला.

"ब्रेक सोड," ब्रेकबाई म्हणाली. ओरडली नाही. "कठड्याकडे बघू नकोस. रस्ता बघ. रस्ता कुठाय? तिकडे वळव."

छकीने मान वळवली. हात मागोमाग गेले. कठडा खिडकीजवळून सर्रकन गेला, गाडी उलट्या बाजूला झुलली, पुन्हा सुटली, अर्धी गिरकी घेतली आणि रस्त्यावर आडवी होऊन थांबली. रबराच्या जळक्या वासाने आत श्वास घेववेना. छकीच्या खिडकीतून खालून चढत येणारा एक ट्रक दिसत होता. त्याने हॉर्न धरून ठेवला होता.

छकीचे डोळे उघडे होते, पण ती कुठेच बघत नव्हती.

"छकी. इंजिन चालू आहे. पाय हळू ठेव. अंडं फुटू नये इतका हळू. समोर कडेला जायचंय, बास."

"मला नाही..."

"माहीत आहे. हळू ठेव."

गाडी पुढे सरकली. कडेच्या पांढऱ्या पट्ट्याच्या आत गेली. ट्रक इतक्या जवळून गेला की गाडी जागच्या जागी हलली. ब्रेकबाईने हात लांब करून बटण दाबलं, इंजिन बंद केलं.

पहिला आवाज आला तो भाऊजींचा, चिरका. "गाडी भक्कम म्हणून वाचलो. रस्ता ओला होता, तुझी काही चूक नाही." त्यांनी पुढची सीट थोपटली. "चल. आत्ताच्या आत्ता परत फिरव. भीती मनात बसता कामा नये."

ब्रेकबाई दार उघडून खाली उतरली, वळसा घालून छकीच्या बाजूला आली आणि तिचं दार उघडलं. एक उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं, आणि ते भाऊजींसाठी होतं. पण तिने ते गिळलं आणि छकीपुढे वाकली.

"तुला काय करायचंय? तू सांग. बाबा नको, मी नको."

छकीने स्टिअरिंगवरची बोटं एकेक करून सोडवली. मग म्हणाली, "मी ही गाडी कॉलेजला नेतच नाही."

"म्हणजे?" भाऊजी म्हणाले. "रोज सकाळी तर जातेस."

"कोपऱ्यावरच्या मॉलपर्यंत. तिथे लावते. पुढे बसने जाते, येताना पुन्हा बसने मॉलपर्यंत येते." आता तिचा आवाज फुटला. "पहिल्या दिवसापासून भीती वाटते मला, बाबा. सांगितलं असतं तर दादा लोक म्हणाले असते, बघा, पोरीला झेपली नाही. आणि तुम्ही... तुम्ही सगळ्यांना सांगून बसला होतात."

भाऊजी त्या चिमुकल्या सीटवर तसेच अडकून बसले होते. आधी रागावले. "मग आता मी लोकांना काय सांगू?" असं म्हणालेसुद्धा. मग त्यांची नजर बाहेर गेली. रस्त्यावर टायरांचे काळे पट्टे उमटले होते आणि त्यातला एक कठड्यापासून हातभर अंतरावरून गेला होता. त्या पट्ट्यावर त्यांची नजर खिळली. चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"बाजूला हो, मी चालवतो," म्हणून ते कसेबसे बाहेर आले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. सीटबेल्टचं टोक खाचेत जाईना. दोनदा, तीनदा. शेवटी त्यांनी पट्टा सोडून दिला आणि मेव्हणीकडे पाहिलं.

"मला विचारू नका," ब्रेकबाई म्हणाली. "मलाही येत नाही ही. खरं सांगते."

शेवटी गाडी ओढून नेणाऱ्याला फोन केला. तो आला, गाडीभोवती फिरला, कुठे ओरखडासुद्धा दिसेना. "बंद पडलीय का?" त्याने विचारलं.

"गाडी चालू आहे," भाऊजी म्हणाले. "आम्हीच बंद पडलोय."

छकी हसली आणि हसता हसता तिथेच कठड्याला टेकून रडायला लागली. भाऊजी तिच्याजवळ गेले, काय करावं ते न कळून तिची ओढणी नीट करत राहिले.

गाडी पुढे काही महिने आच्छादनाखाली उभी होती. पुतण्यांनी विचारलं तेव्हा भाऊजींनी सगळं सांगितलं, बटण आपण फिरवलं होतं तेही. माझ्या मते त्या माणसाने आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम ते. विकायची गोष्ट निघाली तेव्हा मात्र छकीनेच नाही म्हटलं. "भ्यायले म्हणून सोडली, असं नको. शिकून मग ठरवते." शहराबाहेर एका जुन्या धावपट्टीवर अशा गाड्या चालवायचं प्रशिक्षण मिळायचं. तिने नाव घातलं आणि मावशीचंही घातलं, न विचारता.

म्हणून ब्रेकबाई आयुष्यात पहिल्यांदा शिकाऊ झाली. शिकवणारी बाई तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होती. पाणी मारलेल्या डांबरावर गाडी मुद्दाम घसरवायची आणि सावरायची. पहिल्या खेपेला ब्रेकबाईने पाच रबरी शंकू उडवले, दुसऱ्या खेपेला पुन्हा तितकेच. नंतर ती मला म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून लोकांना काय वाटत असेल ते त्या दिवशी कळलं." छकी मात्र तिसऱ्या फेरीला गाडीची शेपूट सुटू देऊन, थांबून, हलक्या हाताने ओळीत आणायला शिकली. तिचे खांदे खाली आले होते. गाल चावायची ती थांबली होती.

आता छकी ती गाडी चालवते. रोज नाही; कॉलेज संपून ती नोकरीला लागली, तिथे जुनीच नेते. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी ती हिरवी गाडी काढते, एकटी, आणि परत येते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काही असतं. तिला ती गाडी आवडायला लागली आहे.

ब्रेकबाईला मी मध्ये विचारलं, "आता निर्धास्त झालात ना?"

ती ऑफिसच्या पायरीवर पाण्याची बाटली घेऊन बसली होती, पुढच्या शिकाऊ माणसाची वाट बघत. "उलट," ती म्हणाली. "भीत होती तोवर ती जपून होती. आता तिला मजा येते. हात चांगला झालाय, माझ्यापेक्षा चांगला, हे मी मान्य करते. पण मजा यायला लागली की पुढची दोन-तीन वर्षं फार वाईट." तिने फोन उलटा करून पाहिला. छकीचा 'पोचले' असा निरोप अजून आला नव्हता. तिने फोन मांडीवर ठेवला, स्क्रीन वर करून, आणि समोरून येणाऱ्या घाबऱ्याघुबऱ्या माणसाला म्हणाली, "या, बसा. आधी सीट पुढे घ्या."