ओला फडका

"हात ढिला सोड, पोरी. घट्ट धरलास की काच घुसती."

बांगड्या भरताना कासार हेच म्हणतो. आक्का म्हणायची ते बांगड्या फोडताना. गावात कुणाचा नवरा गेला की मयत उचलायच्या आधी त्या बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी काढायची, आणि हे सगळं विधवेच्याच हातून व्हायचं, सवाष्णीनं त्याला हात लावायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज. चाळीसेक वर्षं ते काम आक्काकडे होतं. पाटस सोडलं की कुरकुंभच्या अलीकडे, हायवेपासून आत आमचं गाव. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या पोरापोरींना शिफ्टला घेऊन जातात, घरोघरी मोबाइल आहेत, आणि मयताच्या घरून आक्काला बोलावणं जायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

ती येताना दोन वस्तू आणायची. एक गोल दगड आणि एक ओला फडका. फडक्याची घडी मनगट आणि बांगड्या यांच्यामध्ये सरकवायची, आणि मग वरून दोन हलके ठोके. काच पडायची, पण रक्त कधी दिसलं नाही. फडका ही तिची स्वतःची रीत. तिच्या डाव्या मनगटावर एक जाड पांढरा व्रण होता. विचारलं तर म्हणायची, "माझ्या टायमाला कुनी फडका घातला न्हाई. सासूनं पाट्यावर हात ठिवला आन् हाणला दगड. एकोनीस वर्साची व्हते."

चौदा वर्षांपूर्वी माझा नवरा अपघातात गेला, तेव्हा माझ्याही हाताखाली तो फडका आला. त्या दिवसातलं दुसरं फारसं काही आठवत नाही, त्याचा गारवा मात्र आठवतो. मी मनात आक्काचे उपकार मानले. बांगड्या मुळात का फोडायच्या, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

तुमच्याही गावात अशी एखादी असेल. वाईट कामाला आधी बोलावायची आणि चांगल्या कामाला जिची सावली नको असते ती. आक्काला हे इतकं पाठ झालं होतं की कुणी परीक्षेला, मुलाखतीला, सोयरीक बघायला निघालेलं दिसलं की ती आपण होऊन भिंतीकडे तोंड करायची. "जा बाबा जा, मी न्हाई बघितलं तुला," असं वर सांगायची. एकदा निवडणुकीचा अर्ज भरायला निघालेल्या उमेदवाराला ती आडवी गेली. तो घरी परतला, पाणी प्याला, पुन्हा निघाला आणि पुढं सपाटून पडला. आक्का हसून हसून डोळे पुसत होती. "माझ्यामुळं पडला म्हंतोय. मतं कुनी दिली न्हाईत, ती बी मीच का?"

तिची एक शेळी होती. दर शुक्रवारी ती शेळीच्या कपाळाला कुंकू लावायची. "मला न्हाई तर हिला. हिचा नवरा खंडीभर ठिकानी हिंडतोय, मरायचं नाव न्हाई," म्हणायची. आम्ही हसायचो. आता आठवलं की हसू येत नाही.

मी महिलांच्या राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आले होते. सहीपुरती सदस्य नव्हे, बोलणारी; असं मीच लोकांना सांगायचे. विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव ग्रामसभेत आला, तो मी वाचला. मोठ्या आवाजात वाचला. सगळ्यांनी हात वर केले, टाळ्या झाल्या, माझा फोटो निघाला. आक्का मागे दाराशी बसली होती. सगळे गेल्यावर जवळ आली.

"म्हंजी आता मला बोलवायचं न्हाई ना कुनी?"

"नाही बोलवायचं, आक्का."

"लेखी हाय का?"

"लेखी. शिक्का आहे त्यावर."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याच गोल दगडानं ती शेळीचा खुंटा ठोकत होती.

पुढं आठ महिन्यांनी माझा धाकटा दीर गेला. सकाळी दात घासता घासता छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला. माझी जाऊ तिशीतली, कुरकुंभला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी. हातात हिरव्या बांगड्या, कारण पंधरा दिवसांपूर्वीच तिच्या भावाचं लग्न झालं होतं.

घर माणसांनी भरलं. आमचे चुलत सासरे, आप्पा, घरातले थोरले. त्यांनी आक्काला निरोप धाडला. ती आली ती दुःखाला बसायला म्हणून. जावेला तिनं कुशीत घेतलं होतं.

आप्पा म्हणाले, "दगड कुठं हाय तुजा?"

"खुंट्याला लावलाय. आता ते बंद झालं की, आप्पा. लेखी हाय." आणि ती माझ्याकडे वळली. "सांग की गं. तूच वाचलं व्हतंस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भावकी, शेजारपाजार, जावेच्या माहेरचे. एवढ्या माणसांत एका ओळीचं बोलायचं होतं. ग्रामसभेत मी तीन पानं वाचली होती.

मी म्हणाले, "आक्का, घरातली गोष्ट आहे. आत्ता नको तो विषय."

आक्का म्हणाली, "मी न्हाई फोडनार."

"मग तू कर," आप्पा मला म्हणाले. "तूबी तसलीच हायेस की. मयत खोळंबलंय."

मला कुणी ढकललं नाही. मी माझ्या पायानं स्वयंपाकघरात गेले आणि वरवंटा घेऊन आले. सकाळी त्यानंच चटणी वाटली होती. जाऊ म्हणाली, "ताई, नको ना. ताई, तुम्ही तरी." मी तिचं मनगट धरलं. तिनं हात आवळून घेतला, मी ओढला, आणि हाणला वरवंटा. फडक्याची मला आठवणसुद्धा झाली नाही. स्वतःच्या हाताखाली जो होता, तो दुसरीच्या हाताखाली घालायचं सुचलं नाही. काच आत गेली.

रक्त बघून बायका मागे सरल्या. आक्का तेवढी पुढं आली. तिनं स्वतःच्या लुगड्याचा पदर दातानं फाडला, हंड्यात बुडवला, काच काढली आणि मनगट बांधलं. "हात ढिला सोड, पोरी," म्हणत होती. "झालं. झालं आता."

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मला तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. वरवंटा मी धुऊन जागेवर ठेवला. उभ्या गावात मला कुणी नाव ठेवलं नाही. उलट आप्पा म्हणाले, थोरल्या सुनेनं रीत राखली. ते ऐकून माझी मान वर झाली नाही, पण मी काही बोललेही नाही.

दहावा होताच जाऊ दौंडला खोली घेऊन राहायला गेली. मनगटावर तिला सहा टाके पडले होते. आक्का मला रस्त्यात भेटायची, शेळीची खबर सांगायची, पण आमच्या उंबऱ्याच्या आत ती पुन्हा आली नाही. आणि मी दिसले की एक करायची. भिंतीकडे तोंड फिरवायची नाही. सरळ बघायची. ते मला जास्त लागायचं.

गेल्या थंडीत आक्का गेली. तिला मूलबाळ नव्हतं. माहेर निमोण्याचं, तिथून एक भाचा आला. मयताला माणसं थोडीच होती. रिक्षातून जाऊ उतरली. दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले, आणि त्यातून डाव्या मनगटावरचा टाक्यांचा व्रण दिसत होता. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि काठी आपटली. तिनं पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला, आक्काच्या कपाळाला कुंकू लावलं. मग डझनभर बांगड्या काढल्या.

आक्काचा हात ताठ झाला होता. बांगडी अंगठ्याशीच अडत होती. जावेनं फडका ओला केला, त्या हाताला पाणी लावलं, बोटं हळूहळू दाबली. "हात ढिला सोड, आक्का," ती म्हणाली. "घट्ट धरू नको."

मी पुढं झाले. हात धरायला तरी आपण असावं, असं मला वाटलं.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली.

मी मागे सरले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पाठीमागे एकेक बांगडी चढल्याचा आवाज येत होता.