ज्वालामुखीचा ठराव

आमच्या सेलूच्या भूगोल मंडळात नऊ सदस्य आहेत. आठ निवृत्त शिक्षक आणि जिऑलॉजीत एम.एस्सी. झालेली मी. दर रविवारी बैठक होते आणि एक तरी किस्सा साचतो. उपसायला मी एकटीच!

यंदा मंडळाने लोणार सरोवरावर शाळांसाठी पुस्तिका काढायचं ठरवलं. लिहिली मी. पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलं : आजूबाजूचा काळा दगड लाव्ह्याचा, पण खड्डा फार नंतरचा, उल्का आदळून झालेला. अध्यक्ष वानखेडेकाकांनी लाल पेनाने 'उल्का' खोडून 'ज्वालामुखी' केलं. खाली लेखिका म्हणून नाव मात्र माझंच ठेवलं!

*

मी भांडायला गेले. पूर्वी तज्ज्ञांनाही ज्वालामुखीच वाटायचा, पुढे तिथे प्रचंड आघाताशिवाय बनत नाही अशी काच सापडली, हे शांतपणे सांगितलं. काकांनी नोकरीभर ज्वालामुखीच शिकवलेला.

"म्हणजे माह्या साऱ्या पोराइले आता नापास करतं का तू?"

*

सचिव मूनकाकांना ती उल्का बघायची होती. बहुतेक आदळतानाच वाफ होऊन गेली, असं मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून सगळ्यांकडे पाहिलं.

"पुरावा वाफ झाला म्हनते पोरगी."

*

ड्रॉइंगच्या ढोलेसरांची अडचण निराळीच. पुस्तिकेच्या प्रकाशनासाठी त्यांनी प्लास्टरचा ज्वालामुखी आधीच करून ठेवला होता. आत उदबत्ती लावली की वरून धूर येतो.

"मॉडेल वाळलं बाई. आता उल्का कुठून आनू?"

*

मंडळात ठरावाशिवाय काही होत नाही. चहाऐवजी ताक घ्यायलाही सूचक आणि अनुमोदक लागले होते. तेव्हा 'लोणार सरोवर ज्वालामुखीने झाले' हाही ठराव मांडला गेला. आठ विरुद्ध एक, मंजूर! खड्डे बहुमताने पडत नाहीत, असं मी चिडून म्हणाले. मूनकाकांनी इतिवृत्तात नोंद केली : विरोध, एक.

मग मी अट घातली. एक तर पुस्तिकेवरून माझं नाव काढा, नाही तर लोणारला चला आणि तिथे दिसेल तेच छापा. वानखेडेकाकांनी दुसरी अट मान्य केली.

*

गेलो. सरोवराच्या काठावर, मी तोंडही उघडलं नव्हतं तोच गाइडने आकाशातून आलेल्या दगडाची गोष्ट सुरू केली. आघाताने उचलला गेलेला काठ दाखवला, बाहेरच्या बाजूला कललेले थर दाखवले. ढोलेसर खाली बघत राहिले. वानखेडेकाका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तू खरं सांगून राह्यली होती वं."

परतीच्या गाडीत मी पहिल्यांदाच सगळ्यांना चिवडा वाटला.

पुढच्या रविवारी मूनकाकांनी सहलीचं इतिवृत्त वाचलं. वानखेडेकाकांचा हात सगळ्यांत आधी वर गेला, आणि आठ मतांनी ते कायम झालं :

"मंडळाने सरोवराची प्रत्यक्ष पाहणी केली. सरोवर ठरावाप्रमाणे आढळले."