इंदिराक्कांनी मोडलेली ओळ

‘मायेची ऊब हरपली...’ सोसायटीच्या ग्रुपवर हा निरोप आला आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. इंदिराक्का गेल्या हे मला तिथं कळलं. महिना होऊन गेला, पण त्या ‘ऊब’ शब्दाचा संताप काही उतरत नाही. अहो, जिच्या जिभेला आमची सगळी येलवाल वसाहत वचकून होती, ती बाई गोधड्या शिवायची म्हणून लगेच मायेची ऊब? अक्काच म्हणायच्या, “ऊब पाहिजे तर रजई आणा की दुकानातनं. माझ्याकडं कशाला येता?”

अक्कांचं घराणं चार पिढ्या म्हैसूरचं, मराठी बोलण्यात कानडी मिसळलेली. मी नोकरीसाठी साताऱ्याहून आलेली शेजारीण. जुन्या साड्यांचे काठ, लुंग्या, गणवेशाचे तुकडे जुळवून त्या गोधडी शिवायच्या आणि पांघरायला नाही, बघायला म्हणून भिंतीवर टांगायच्या. कुणीतरी ती नीट बघावी, एवढंच त्यांना हवं होतं. तीन गडद तुकडे, एक फिका. पुन्हा तीन, एक. टाकेही त्याच चालीनं, तीन लांब, एक आखूड. आणि एका ओळीत कुठंतरी ही चाल मुद्दाम मोडलेली. पाहुणा “वा वा” म्हणाला की त्या विचारायच्या, “कुठं मोडलंय, दाखवा.” पाहुणा बावचळायचा. “अय्यो, बघितलंच नाही अल्वा? मग सुम्ने, उगाच वा वा कशाला?”

मीही पहिल्यांदा नापासच. चिडून रोज जाऊन बसायला लागले. तिसऱ्या आठवड्यात बरोबर जागी बोट ठेवलं, तेव्हा त्यांनी कॉफी आणून दिली. त्या मोडक्या ओळीमुळंच बाकीच्या ओळी दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं. एका लयीत नजर पेंगायला लागते, तिथं ठेचकाळते आणि मग सगळं पहिल्यापासून बघते.

आमच्या सोसायटीच्या मंडळाला हे कुठलं कळायला! ‘प्रदर्शनात मांडतो’ म्हणून गोधडी मागून नेली, आणि अक्का आणि मी जाऊन बघतो तर जेवणाच्या टेबलावर अंथरलेली. वर बिसीबेळे भाताचं पातेलं. अध्यक्ष म्हणतात, “किती घरगुती वाटतं, नाही?” अक्कांनी ते गरम पातेलं उचलून त्यांच्याच हातात दिलं आणि गोधडी ओढून घेतली. हेच गृहस्थ शोकसभेत ‘कलेच्या उपासक’ म्हणून वीस मिनिटं बोलले. जनाची नाही तर मनाची तरी!

पण आभाळावर थुंकलेलं आपल्याच तोंडावर पडतं. शेवटच्या भेटीत अक्का अंथरुणाला खिळलेल्या होत्या. नवी गोधडी नुकतीच पुरी झाली होती. त्यांच्या मुलानं ती दोन्ही हातांनी धरून दाखवली. मला मीटिंग होती, गाडी खाली थांबली होती.

“कुठं मोडलंय, सांग,” अक्का म्हणाल्या.

“सुंदर झालीय, अक्का. उद्या येऊन बघते निवांत.”

त्यांनी मान वळवली. मग मुलाला म्हणाल्या, “साकू. घडी घाल.” साकू म्हणजे पुरे झालं.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी तो निरोप आला.

मुलानं ती गोधडी मला दिली. माझ्या भिंतीवर आहे ती आता, रोज सकाळी मी तिच्यासमोर बसते. परवा सापडलं... खालून चौथी ओळ, उजवीकडं, दोनच गडद आणि लगेच फिका. उठून बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, “अक्का, इथं.” त्या दिवशी सापडलं नसतंच मला. पण शोधताना तरी मी त्यांना दिसले असते.