कमठेवाले मामाजी

माझ्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक चालू असताना माझे सासरे मंडपातून निघून गेले. लग्न मुलाकडे होतं. मंडप मध्य प्रदेशातल्या रामाकोन्याजवळच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेला लागून घातलेला, आणि नेमकं तेव्हाच बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तीतर बोललं. मामाजी अक्षता मुठीत तशाच धरून, डोक्यावरच्या फेट्यासकट, कमरेत वाकून धुऱ्याकडे चालू लागले. अंतरपाट दूर झाला तेव्हा मला नवरा दिसला आणि त्याच्या खांद्यावरून सासऱ्यांची पाठ. माझ्या नागपूरच्या मावशीला वाटलं, व्याही रुसले. तिनं कारण विचारलं तर नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "काही नाही मावशी, तीतर आहे."

आमच्याकडे सून सासऱ्यांना मामाजी म्हणते. गाव त्यांना कमठेवाले म्हणायचं. कमठा म्हणजे धनुष्य. त्यांचा कमठा बांबूचा होता आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिरलेल्या कामटीची. तरुणपणी एका गोंड मित्राबरोबर रानं तुडवताना ते ही विद्या शिकले होते. पाखरांसाठी त्यांचे बाण वेगळे, टोकाला लोखंड नाही, नुसता लाकडाचा बोथट गट्टू. बंदुकीबद्दल त्यांना मनापासून तुच्छता होती. "बंदूक म्हंजे बोंबाबोंब," ते म्हणत. "एक लावा मरते अन् सारा गाव जागा होते."

त्यांच्या हातून लावा क्वचितच मरायचा, हा भाग वेगळा. सासूबाई माळकरी. स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येऊ देत नसत. पण मामाजींच्या शिकारीवर त्यांचा धार्मिक आक्षेप फारसा नव्हता. "यायच्यापासून पाखराले काय भेव?" त्या मला म्हणाल्या होत्या. "यायनं नेम धरलेलं पाखरू म्हातारं होऊनच मरते."

कधीमधी एखादं पाखरू लागलंच, तर गोठ्यामागे तीन दगडांवर पातेलं चढायचं. मी नागपूरची, मटण खाऊन वाढलेली. लग्नानंतर गवारीच्या भाजीनं मी रडकुंडीला आले होते, हे घरात फक्त मामाजींच्या लक्षात आलं. गोठ्यामागून ते खाकरायचे. मी वाळत घातलेले कपडे आणायच्या निमित्तानं जायची. तितराला मांस ते किती, दोघांत चार घास. पण रस्सा असा की नाकातून पाणी यावं. ते पानाच्या द्रोणात माझा वाटा आधी काढत आणि म्हणत, "खाय बाई. पाप अर्ध-अर्ध."

देवाधर्माच्या बाबतीत त्यांचा हिशेब सरळ होता. जामसावळीचा मारुती आडवा पहुडलेला. शनिवारी सारं घर दर्शनाला जायचं आणि मामाजी कमठा घेऊन तुरीत शिरायचे. मी एकदा विचारलं, "मामाजी, शनिवारी तरी नको ना?" ते म्हणाले, "मारुती निजून राहिला हाय बाई. त्यानं पायलं असतं तर मी गेलो नसतो." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते; नदीच्या या काठावरून आणि सावरगावच्या काठावरून लोक एकमेकांवर दगड फेकतात. मामाजी ती एकदाच पाहायला गेले आणि नाराज होऊन परतले. "इतके लोक दगड फेकून राहिले," ते म्हणाले, "अन् नेम एकाचाही नाही."

माझी नणंद मंदा हिला स्थळ आलं ते वनखात्यातलं. मुलगा वनरक्षक, हसरा, निर्व्यसनी. पाहायला आले त्या दिवशी मामाजींनी कमठा कडब्याच्या गंजीत खुपसला आणि चहा देताना जंगल वाचवण्यावर इतकं बोलले की सासूबाई आत पदर तोंडाला लावून हसत होत्या. लग्न झालं. वर्षभरानं जावयाची बदली आमच्याच भागात झाली. मामाजी जरा जपून राहू लागले, म्हणजे सकाळी जायचे ते पहाटे जाऊ लागले.

शेवटी घात झाला तो त्यांच्या नेमानं. एका सकाळी त्यांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, कडेला पळतं तीतर टिपलं. असा बाण आयुष्यात साधला नव्हता. आनंदाच्या भरात त्यांनी शेजारच्या मळ्यातल्या भाऊरावांना हाक मारून फोटो काढायला लावला. एका हातात कमठा, एका हातात तीतर, छाती पुढे. भाऊरावांनी तो गावाच्या ग्रुपवर टाकला. दुपारी तो वनखात्याच्या साहेबांच्या मोबाइलवर होता. साहेबांनी जावयालाच पाठवलं.

जावई वर्दीत आले. सासूबाईंनी सवयीनं पाट मांडला. ते पाटावर बसले, पण ताटाला हात लावेनात.

"मामाजी, मला केस करावी लागेल," ते म्हणाले.

"करा ना. पण पयले जेवून घ्या," मामाजी म्हणाले.

जावई जेवले नाहीत. गोठ्यामागची पिसं आणि कमठा त्यांनी जप्त केला. मामाजींनी कमठा स्वतः आणून दिला. दोरी उतरवून, पंच्यानं पुसून. "मले सांभाळून घ्यासाठी काही खोटं लिहू नका," एवढंच बोलले. मंदा त्याच संध्याकाळी बॅग घेऊन माहेरी आली. ज्या माणसानं माझ्या बापाला आरोपी केलं त्याच्या घरात मी राहणार नाही, असं तिनं सांगितलं. नवऱ्याचे फोन ती उचलत नव्हती.

केस सौंसरच्या कोर्टात लागली. तारखेच्या दिवशी जावई मोटरसायकल घेऊन दारात येत, मंदा खोलीचं दार लावून घेई, आणि मामाजी धुतलेलं धोतर नेसून त्यांच्या मागे बसून जात. आरोपी आणि साक्षीदार एकाच गाडीवर येतात हे पाहून वकिलांनी कपाळाला हात लावला. "बस चुकली तं तारीख चुकते," मामाजींनी त्यांना समजावलं. वकिलांचा बेत सोपा होता. पिसं कोंबडीची, फोटो जुना, कमठा शोभेचा. नाही म्हणायचं आणि सुटायचं.

मामाजी घरी येऊन मला म्हणाले, "मी नाही म्हटलं तं जवाई खोटा पडते. नोकरी जाईन त्याची. अन् ही पोट्टी जलमभर इथंच बसून राहीन."

पुढच्या तारखेला मी सोबत गेले. न्यायाधीशसाहेबांनी हिंदीत विचारलं, "जुर्म कबूल है?"

"कबूल है साहब," मामाजी म्हणाले. "ऐसा निशाना फिर नहीं लगेगा, ये भी सच है."

साहेबांनी मान खाली घालून बराच वेळ कागद वाचला. मग थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहण्याची शिक्षा सांगितली. मामाजी बाकावर बसून राहिले. जावई दाराशी उभे होते. सगळ्यांदेखत त्यांनी डोळे पुसले आणि ते कुणापासून लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामाजी मंदाला म्हणाले, "बॅग भर." ती बापापुढे कधी बोलायची नाही. आम्ही तिघं बसनं तिच्या क्वार्टरवर गेलो. जावयांनी स्वतः वरण-भात लावला होता. मंदा आत शिरली, गॅसपाशी सांडलेलं पाहिलं आणि महिनोन्महिने साठलेलं सगळं एकदम सुरू झालं. तिचा आवाज चढत गेला. जावई मधे एखादा शब्द बोलायचे.

मामाजींनी हळूच चपला घातल्या आणि मला डोळ्यानं खुणावलं. मी बाहेर येऊन म्हटलं, "मामाजी, ती तर भांडून राहिली."

"बोलून तं राहिली ना," ते म्हणाले.

स्टँडवर बस भरून आली. मामाजी गर्दीत घुसून आधी चढले, खिडकीजवळची जागा अडवली आणि मी येईपर्यंत दोन माणसांशी भांडले. मला बसवून स्वतः दांडा धरून उभे राहिले. त्याच उन्हाळ्यात, बागेला पाणी देताना, ते गेले. त्या दिवशी बसमध्ये मात्र ते मजेत होते. रस्ताभर माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेरच्या धुऱ्यांकडे पाहत होते, आणि कंडक्टरनं "सरको बाबा, सरको" म्हटलं तरी हलले नाहीत.