कॅबिनेटचं कव्हर

गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर घरीच जोडायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त डोकेफोड केली ती कॅबिनेट निवडताना. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात आत हवा खेळायलाच हवी. इंदरगंजचा दुकानदार मात्र ‘भैया, काँचवाला ले जाओ, लाइट मस्त दिखेगी’ म्हणून मागेच लागला. त्याच्याशी हुज्जत घालून मी समोर पूर्ण जाळी असलेलं घेतलं.

दुसऱ्या दिवशी आईनं त्याला जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं, वर झालरसुद्धा लावली. लू चालते, गरम वाऱ्यानं धूळ बसते, म्हणे. खेळता खेळता कॉम्प्युटर तापून बंद पडला.

“आई, जाळी हवेसाठी आहे. असं झाकलंस तर तो गुदमरेल.”

“फ्रिजला कव्हर आहे, मिक्सरला आहे. ते नाही गुदमरले कधी.”

मग मी तिला आतले पंखे दाखवले. हवा पुढून येते, मागून जाते, सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

काल तिनं दौलतगंजातून कापड आणून नवं कव्हर शिवलं.

“घे, तुझ्या मनासारखं. जाळीचंच कापड आणलंय,” ती म्हणाली. “फार विरळ होतं, म्हणून आतून अस्तर लावलंय.”