डोमाची पाचर, मंगलीबाईचे टाके

मोटार चालवणारा माणूस शहाणाच असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं? लायसनवर तसं लिहिलेलं नसतं. आमच्या डोमा ड्रायव्हरच्या लायसनवरही नव्हतं, पण तो भेटेल त्याला लायसन दाखवताना चेहरा असा करायचा, की लिहिलेलं असावं असं वाटावं.

गोंडपिपरीच्या पुढं, जंगलाच्या तोंडाशी त्याचं गाव. गोष्ट अगदी परवापरवाची, सत्तावन्न सालची. डोमानं वीस वर्षं बैलांची बंडी हाकून ठेकेदाराचा बांबू वाहिला. मग बांबू तोडणाऱ्यांनी स्वतःची सोसायटी काढली आणि लढाईच्या आधीची एक जुनाट पिकअप गाडी आणली. गावात चाकांशी ओळख असलेला हाच एक, म्हणून तो ड्रायव्हर झाला. गाडी तो दोन महिन्यांत शिकला. बंडी मात्र काही केल्या विसरला नाही. ब्रेक दाबताना तोंडानं "हो, हो" म्हणायचा. चढावावर स्टेअरिंग थोपटायचा. गाडी ऐकते, असं त्याचं म्हणणं. मागं बांबूवर बसलेल्यांचं म्हणणं वेगळं होतं, पण त्यांना विचारतो कोण.

गाडीची केबिन लाकडी, डॅशबोर्ड म्हणजे एक लांब सागवानी फळी. उन्हानं ती सुकत गेली आणि दिव्याच्या बटनापाशी बोटभर भेग पडली. बटन हलू लागलं. दिवा मनात आलं तर लागायचा, नाही तर नाही.

आणि पुढच्याच गुरुवारी मोटार इन्स्पेक्टर गाड्या पास करायला गोंडपिपरीला येणार होता. गाडी नापास झाली की दारात उभी. मग तोडलेला बांबू जंगलात पडून राहणार आणि वाहतूक परत त्याच ठेकेदाराच्या घशात जाणार, ज्याच्या तावडीतून सुटायला गाव चार वर्षं झगडलं होतं. सोसायटीचे पंच सोमाजी म्हणाले, "डोमाभाऊ, बोर्ड चांद्याच्या मिस्त्रीले दाखवून आण."

"चांद्याले काऊन? लाकूडच हाये ना ते? लाकडाचं मले कोणी शिकवू नये."

बंडीच्या चाकाचा आरा ढिला झाला की त्यात पाचर ठोकतात आणि वरून पाणी मारतात. लाकूड फुगतं, आरा घट्ट बसतो. डोमानं तेच केलं. भेगेत पाचर ठोकली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. बायको रुखमा दारातून पाहत होती.

"बैलाले पाणी पाजतात. मोटारीले काऊन पाजून राह्यले?"

"तुले काय समजते यातलं."

"मले नाई समजत. म्हणून तं मी पाचर नाई ठोकली."

आता चाकाला बाहेरून लोखंडी धाव आवळून धरते. फुगलेलं लाकूड जाईल कुठं? फळीला कोण धरणार? रविवारी दुपारी केबिनीतून कट्ट असा आवाज आला. भेग फळीच्या दुसऱ्या टोकाला दोन बोटं राहीपर्यंत पळत गेली होती, आणि वेगाचं मीटर जेवून डुलकी घेणाऱ्या पाहुण्यासारखं पुढं कलंडलं होतं.

डोमानं बोर्डावर घोंगडं टाकलं आणि 'गाडीला आराम दिला आहे' असं जाहीर केलं. रुखमानं त्याला न विचारता गोंडटोल्याची वाट धरली.

टोल्यात, म्हणजे गावाबाहेरच्या गोंडांच्या वस्तीत, मंगलीबाई राहायची. वाळल्या भोपळ्याचा पाण्याचा तुंबा तडकला की सारा मुलूख तिच्याकडं यायचा. ती तो शिवून द्यायची आणि पुन्हा थेंब गळायचा नाही. सोमवारी सकाळी ती आली, घोंगडं उचललं, भेगेवरून अंगठा फिरवला.

"तुंबाच हाये भाऊ हा. चपटा."

"बाई, मोटार हाये ही."

"माहीत हाये. तुंब्याले कोणी पाचर ठोकत नाई, म्हणून तो टिकते. सोडवा फळी. दोन दिवस माह्या चुलीवर टांगीन, पाणी निघाले पाह्यजे."

"जळली तं?"

"तीस साल झाले चूल पेटवतो, छप्पर अजून हाये."

दोन दिवस डोमा तिच्या अंगणात असा बसला, जणू आत त्याचं माणूस आजारी आहे. तिनं त्याला नुसतं बसू दिलं नाही. दोरासाठी माहुलीच्या वेलीची साल सोलायला लावली. "हात हलका ठेवा भाऊ, शेपटी नाई पिरगाळायची." टोल्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. डोमा सोलत राहिला.

बुधवारी पाचर आपोआप गळून पडली, इतकी फळी सुकली होती. मंगलीबाईनं तापलेल्या सळईनं भेगेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडली, सालीचा दोर आरपार ओढून टाके घातले आणि वर लाख वितळवून भरली. भेग जिथं संपत होती तिथं एक गोल भोक पाडलं, त्यात दोर मात्र घातला नाही. का, हे डोमाला विचारावंसं वाटलं. पण विचारलं की 'मला माहीत नाही' हे कबूल करणं आलं. तो खाली पडलेले सालीचे तुकडे झाडू लागला. फळी बसवल्यावर लाखेची ती तांबडी रेघ पाहून रुखमा म्हणाली, "आता भांग पाडल्यावानी दिसते."

गुरुवारी इन्स्पेक्टरसाहेबांनी दिवा चारदा लावून पाहिला, बोर्ड जोरानं दाबला. काहीच हललं नाही. "कोणी केलं?"

डोमाची छाती फुगली. "आपणच, साहेब."

"मग हे शेवटचं भोक रिकामं का?"

डोमानं त्या भोकावर बोट ठेवलं. "हवेसाठी, साहेब."

साहेबांनी उचललेला शिक्का परत डब्यात ठेवला. "ज्याला हे कशासाठी ते ठाऊक नाही, त्याचे टाके रस्त्यात सुटले तर मी कोणाला धरू? चारपर्यंत आहे मी इथं."

झाडाखाली सोसायटीची माणसं उभी होती. ठेकेदाराचा मुनीम पान चघळत पाहत होता. डोमानं दोन्हीकडं पाहिलं आणि टोपी काढली.

"साहेब, माहं खोटं. टाके मंगलीबाईचे हायेत. पाचर तेवढी माही होती."

साहेबांनी 'मग तिलाच विचारून या' म्हटलं, आणि गाडी उलट गावाकडं सुटली. टोल्यात मंगलीबाईनं ऐकून घेतलं. "भेग टोकावरून पुढं चिरत जाते भाऊ. टोकच जाळून गोल केलं तं जाईन कुठी? सांगता येईन नीट?"

"नाई येणार. तुमीच चाला, बाई."

ती मागं बांबूच्या जागेकडं वळली, तसं डोमानं पुढचं दार उघडलं. ती पुढं बसली, आपल्याच टाक्यांसमोर. साडेतीनला तिनं साहेबांना तेच दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी एक प्रश्न आणखी विचारला, ती म्हणाली, "ते तुमाले सांगून नाई समजणार, टोल्यात या." शिक्का बसला. मुनीमाचं पान थुंकायचं राहून गेलं.

आता बल्लारपूरकडच्याही गाड्या तिच्याकडं येतात. तुमच्या गाडीचा बोर्ड तडकला तर तुम्हीही जा. फक्त एक करा: टोल्याबाहेर उभं राहून भोंगा वाजवू नका. खाली उतरा, अंगणात जा, 'मंगलीबाई' म्हणून हाक मारा, आणि ती काम करत असताना जे समजणार नाही ते तिथंच विचारून घ्या.