त्याने ‘हो’ म्हटले आणि मी लिहून घेतले

ती दुपार मी आजही विसरलेलो नाही. तेव्हा मी बोईसरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. एका कारखान्यातून तांब्याच्या तारेची चार बंडलं गेली होती. तिथल्या पहारेकऱ्यानेच खबर दिली, "साब, वो झाडूवाला पीछे के दरवाजे के पास घूम रहा था." झाडलोट करणारा जव्हारकडच्या डोंगरातला, भात कापून कामाला उतरलेला. तासाभरात तो माझ्यासमोर उभा होता. बायको तान्ह्या मुलीला घेऊन ठाण्याबाहेर बसून राहिली.

चौकशीला दहा मिनिटंही लागली नाहीत.

"तार तूच नेलीस ना?"

"हो साहेब."

"मागच्या दारातून ना?"

"हो साहेब."

माल कुठे, असं विचारलं की गप्प. असे आरोपी रोज मिळोत, असं मी हवालदाराला हसत म्हणालो. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे खरं. पण कबुली मिळाली की आमचा तपास सुस्तावतो, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कोर्टात नेण्याआधी, मोफत कायदेशीर मदतीच्या यादीवरची एक तरुण वकील पालघरहून आली. या यादीवरचे वकील मी बरेच पाहिले होते. आरोपीशेजारी उभे राहायचे, सही करायचे, निघायचे. ही नुकतीच कसलंसं प्रशिक्षण घेऊन आली होती. मी कागद पुढे सरकवले.

"कागद नंतर, साहेब. आधी माणसाशी बोलायचं, असं शिकवलंय आम्हाला."

नव्याचे नऊ दिवस, मी मनात म्हटलं.

तिने त्याला बसवलं, पाणी दिलं, भात कसा झाला ते विचारलं. मग एकदम आवाज चढवून माझ्याकडे बोट दाखवलं. "काल या साहेबांना तूच मारलंस ना?"

"हो बाई," तो मान खाली घालून म्हणाला.

मला तर कोणी बोटही लावलं नव्हतं. हवालदार, जो त्याच भागातला होता, त्याच्यापाशी जाऊन बसला. "अरे, तू मारला नाय, मंग हो का बोलतोस?"

"त्यांनी इचारला कुठं? ते सांगत व्हते. मोठा माणूस सांगतो तवा आमी हो बोलतो. हो म्हंजे आयकला."

मागच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, हे मी त्यानंतर पहिल्यांदा विचारलं. ती फक्त पहारेकऱ्याकडे असायची. जवळच्या सालवड गावात त्याच्या खोलीत चारही बंडलं पलंगाखाली सापडली. झाडूवाला बायकोमुलीसह घरी गेला. जाताना त्याने मला नमस्कार केला, याची मला फार लाज वाटली.

फुकटचे वकील म्हणून आम्ही ज्यांची टिंगल करायचो, त्यांतल्या एकीला कोणीतरी नीट शिकवलं, म्हणून एक माणूस वाचला. हे लिहून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्याआधी काही वर्षं त्याच डोंगरातला आणखी एक जण मी चोरीच्या आरोपावरून पकडला होता. ‘गुन्हा कबूल आहे?’ असं कोर्टाने विचारल्यावर तोही ‘हो साहेब’ म्हणाला होता. शेजारी उभ्या असलेल्या वकिलाने त्याला एक शब्द विचारला नव्हता. तो दोन वर्षं आत राहिला. मला शाबासकी मिळाली.

निवृत्तीनंतर त्या शिक्षा भोगलेल्याच्या पाड्यापर्यंत एकदा गेलो आणि तसाच मागे फिरलो. चोरी खरंच तू केली होतीस का, असं विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, ते मला ठाऊक होतं.